न उजळलेली बाटली

मेडशीच्या हरिसिंगांच्या घरात दोन सुना, आणि दोघीही रसायनशास्त्र शिकलेल्या. थोरली निता, राजपालची बायको. धाकटी रुचिका, उदयसिंगची. सोयाबीन-तुरीच्या घरात अशा दोन सुना याव्यात याचं गावाला भारी कौतुक. दोघींच्या वाट्याला आलेलं कौतुक सारखं नव्हतं, हे मात्र फक्त निताला ठाऊक होतं.

लग्न ठरलं तेव्हा निता अमरावतीला संशोधन करत होती. आंबट पाण्यात एक रंग आणि आंबट नसलेल्या पाण्यात दुसरा रंग दाखवणारं एक द्रव्य ती बनवत होती. ते पेशींत सोडलं की पेशीचा कुठला कोपरा किती आंबट आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली कळायचं. लग्नानंतर वर्षभर ती जा-ये करत राहिली. मग दिवस गेले, पोर झालं, मग सासूचं ऑपरेशन झालं, मग अमरावतीच्या सरांचे फोन येईनासे झाले. आता ती वाशीमकडच्या मालेगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायची. सकाळी स्कूटीवर जायची, दुपारी परत यायची.

रुचिकाला बघायला गेले तेव्हा निताच म्हणाली होती, "मामाजी, पोरीले शिकू द्या. माझ्यासारखं नोका होऊ देऊ." हरिसिंगांनी ते मनावर घेतलं. रुचिका अमरावतीला खोली करून पीएच.डी. करू लागली, महिन्यातून दोनदा घरी यायची. तिच्या वाट्याला कुणी भाकरी टाकायचं काम दिलं नाही, कुणी मूल कधी म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी आपण बोललो ते मनापासून बोललो होतो, हे निताला आठवायचं. आणि नेमका त्याचाच तिला राग यायचा.

चैत्रात रुचिका घरी आली ती एक थर्माकोलचा डबा घेऊन. जेवणं झाल्यावर तिनं सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं, दार-खिडकी लावून घेतली. राममंदिरामागच्या बोअरचं पाणी एका बाटलीत, घरच्या नळाचं दुसऱ्या. दोन्हींत तिनं पिवळसर द्रवाचे थेंब टाकले, थोडा वेळ थांबली आणि जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी धरली. नळाचं पाणी होतं तसंच राहिलं. बोअरचं पाणी हिरवंगार उजळलं.

"अगं माय!" सासू रुपाबाई मागं सरकल्या. "हे काय जादू व्हय वं?"

"जादू नाई, आत्याबाई. त्या पाण्याले सडक्या अंड्यासारखा वास येते ना, तो सल्फाइडचा. मी बनवलेला हा रंग एरवी झोपून असते. सल्फाइड भेटलं का जागा होते."

दार उघडलं तेव्हा अंगणात शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. कुणी कळशी आणली, कुणी पाण्याची बाटली. दुपारभर दार लागत राहिलं, उघडत राहिलं, आतून "अबब" ऐकू येत राहिलं. निता चहा करत होती. ओट्याचा अर्धा भाग रुचिकाच्या बाटल्यांनी अडवला होता, म्हणून गाळणी धरायलाही जागा नव्हती. मदतीला आलेली एक बाई म्हणाली, "ताई, तुमीबी हेच शिकल्या होत्या ना?" निता म्हणाली, "हो, असंच काहीतरी," आणि साखर जरा जोरात ढवळली.

संध्याकाळी रुचिकानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या, गोलसर पेशी, एकमेकींना चिकटून बसलेल्या. "आपल्या पेशींतबी हा सल्फाइड वायू थोडा थोडा तयार होते. ह्या जिवंत पेशी हायेत, त्यांच्यात माझा रंग सोडला हाये."

रुपाबाईंनी फोन डोळ्यांशी नेला. हरिसिंगांनी चष्मा लावला. निताच्या हातात फोन आला तेव्हा तिचं लक्ष हिरव्यावर गेलंच नाही. प्रत्येक पेशीत बारीक काळे ठिपके होते.

"हे काळं काय हाये?"

"तिथं सल्फाइड नसंल, ताई," रुचिका सहज म्हणाली.

उदयसिंग हसला. "एवढ्या उजेडात ताईले काळा ठिपकाच दिसला."

सगळेच हसले. राजपालही हसला. निताही हसली, पण तो हशा तिच्या अंगात रात्रभर काट्यासारखा राहिला.

दुसऱ्या दिवशी उदयसिंगनं शेतातल्या विहिरीचं पाणी आणलं. दिवाळीच्या सुमारास मळणी झाल्यावर सोयाबीनच्या कुटाराचा, उरलेल्या भुशाचा ढीग विहिरीजवळ पडून होता. कठडा खचला, अवकाळी पाऊस झाला आणि अर्धा ढीग विहिरीत गेला. तेव्हापासून तो कुजत होता. उन्हाळ्यात गाळ काढायचा म्हणून यारी, म्हणजे विहिरीतून माल ओढणारं यंत्र, सांगून ठेवली होती. गाळाच्या विहिरीत वायू असतो, माणसं मरतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं. उदयसिंगला बायकोच्या रंगाची परीक्षा घ्यायची होती.

रुचिकानं थेंब टाकले, बॅटरी धरली. पाणी काळंच राहिलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, पुन्हा धरली. काही नाही.

"सल्फाइड दिसत नाई," ती म्हणाली. "वास कुटाराचा असंल."

"म्हंजे उतराले हरकत नाई?"

"माझा रंग तरी नाई म्हणते."

ती सोमवारी परत येणार होती. ग्रामपंचायतीनं तिचा सत्कार ठेवला होता, शिवाय गावाच्या पाण्यावर ती चार शब्द बोलणार होती. बॅटरी तिनं उदयसिंगकडे ठेवली आणि अमरावतीची बस धरली. थेंब टाकलेली विहिरीच्या पाण्याची बाटली झाकण लावून न्हाणीच्या खिडकीत तशीच राहिली.

निताच्या डोक्यातून ते काळे ठिपके जात नव्हते. कारण पेशीतल्या ठिपक्यांशी तिची जुनी ओळख होती. पेशीत जिथं जुनं-पानं मोडून टाकलं जातं त्या बारीक पिशव्या असतात, आणि त्या आंबट असतात. एके काळी तिचा स्वतःचा रंग नेमका तिथंच लाल व्हायचा. मग रुचिकाचा रंग तिथंच का झोपतो? सल्फाइड नाही म्हणून, की आंबटपणानं तो रंगच मरतो म्हणून?

शुक्रवारी तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या आणल्या. घरी कुणी नव्हतं. न्हाणीतल्या बाटलीत पट्टी बुडवली. पट्टी नारिंगी झाली. पाणी शिळ्या ताकासारखं आंबट होतं.

तिनं स्वयंपाकघरातून खायचा सोडा आणला, चिमूटभर बाटलीत टाकला. पाणी फसफसलं. फेस बसल्यावर तिनं न्हाणीचं दार लावलं आणि उदयसिंगच्या कपाटातून आणलेली बॅटरी धरली.

बाटली उजळली. बोअरचं पाणी कधी उजळलं नव्हतं इतकी.

निता न्हाणीत उकिडवी बसून ते हिरवं पाणी बघत राहिली. तिला सगळं लख्ख कळलं होतं. विहिरीत सल्फाइड होतं, भरपूर होतं, आणि पाणी आंबट म्हणून रुचिकाचा रंग गप्प होता. आणि हेही तिला कळलं की पाणी जितकं आंबट, तितकं सल्फाइड पाण्यात न थांबता वायू होऊन वर येतं. म्हणजे रंग जिथं "काही नाही" म्हणतो तिथंच धोका सगळ्यात जास्त.

पण तिच्या मनात आधी आलं ते हे नव्हतं. आधी आला तो आनंद. इतक्या वर्षांत असा आनंद तिला झाला नव्हता. पोरीची चूक सापडली होती, आणि चूक साधी नव्हती, मुळातलीच होती.

फोन करून सांगावं असं तिला वाटलं. तिनं फोन हातातही घेतला. मग वाटलं, फोनवर सांगितलं तर काय होईल? रुचिका म्हणेल, अरे हो ताई, आणि गुपचूप दुरुस्त करून टाकेल. सोमवारी पुन्हा तीच मंचावर आणि आपण पुन्हा खाली. त्यापेक्षा सोमवारी सगळ्यांसमोर उठून विचारावं. शांतपणे, शिक्षिकेसारखं. पाणी आंबट असलं तर तुझा रंग काय करतो, रुचिका? तिचा चेहरा कसा होईल ते निताला आताच दिसत होतं. यारी मंगळवारी येणार होती. सोमवार आधी येतो. कुणाचं काही बिघडत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं आणि बाटलीतलं पाणी मोरीत ओतून दिलं.

शनिवारभर पोळ्या लाटताना ती तो प्रश्न मनात घोळवत होती. कधी जरा गोड करून, कधी जरा टोकदार.

रविवारी सकाळी ती कपडे वाळत घालत होती. राजपाल वाशीमला गेला होता. रुपाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या.

"उदयचा डबा पाठवा लागंल वं शेतात," त्या म्हणाल्या. "यारीवाले आजच आले. जऊळक्याचं काम लवकर उरकलं त्याहिचं. देवलाले घेऊन गेला तो पहाटीच."

निताच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. देवला त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. विहिरीत उतरायचं ते त्यालाच.

तिनं उदयसिंगला फोन लावला. मागं यंत्राचा आवाज होता.

"उदय, देवलाले खाली उतरू नोको देऊ! विहिरीत वायू हाये. मी पाणी पाह्यलं."

"काय? कोनं पाह्यलं?"

"मी. पाणी आंबट हाये, आंबट पाण्यात रुचिकाचा रंग उजळत नाई."

मग उदयसिंग म्हणाला, "ताई, तुमाले तिच्या कामात काई ना काई दिसतेच. तिनं माह्यासमोर पाह्यलं, काई नव्हतं. यारीवाले थांबले हायेत, मी ठेवतो."

त्यानं फोन ठेवला. तिनं पुन्हा लावला, त्यानं उचलला नाही.

निता अंगणात उभी होती. खरं बोलली होती, आणि तिच्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती. आणि ती किंमत कुणी पाडली हेही तिला त्या क्षणी दिसलं. रुचिका घरी आली की चहाच्या कपागणिक मारलेल्या टोमण्यांनी, तिनंच. घरात एकाच माणसाचा शब्द उदयसिंग ऐकणार होता.

तिनं रुचिकाला फोन लावला.

"हां ताई?"

"रुचिका, विहिरीचं पाणी आंबट हाये. पट्टी नारिंगी येते. सोडा टाकला तर तुझा रंग उजळला. देवला आत्ता उतरून राह्यला अन् उदय माझं ऐकत नाई."

रुचिकानं वाद घातला नाही. कसं, कधी, काहीच विचारलं नाही.

"मी लावतो त्याहिले," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

निता स्कूटीवर बसली ती ओल्या हातांनीच. शेत गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे. वाट खडीची, स्कूटी दोनदा घसरली. विहिरीपाशी पोचली तेव्हा उदयसिंग फोन कानाला लावून विहिरीत वाकला होता आणि ओरडत होता, "देवला! ए देवला! वर ये बे!"

खालून उत्तर नव्हतं.

यारीची बादली पाण्याच्या वर लोंबत होती. देवला कपारीवर एका कुशीला पडला होता, एक पाय पाण्यात. उदयसिंगनं फोन फेकला, चपला काढल्या आणि यारीच्या साखळीला हात घातला. निता धावत गेली आणि तिनं मागून त्याची कंबर पकडली.

"सोडा, ताई! मरून जाईल तो!"

"तू उतरला तर तूबी मरशील! दोन श्वासात पडशील! दोर हाये का त्याले? दोर?"

दोर होता. हरिसिंगांची सक्त ताकीद होती, विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या काखेतून दोर बांधल्याशिवाय उतरू द्यायचं नाही. देवला दरवेळी कुरकुरायचा आणि दरवेळी बांधून घ्यायचा. दोराचं टोक बाभळीच्या बुंध्याला होतं. यारीवाले दोघं, उदयसिंग आणि निता, चौघांनी तो ओढला. देवलाचं अंग कपारीवर घासत, दगडांवर आपटत वर आलं. निताच्या तळहातांची सालं निघाली, ते तिला नंतर कळलं.

वर आणला तेव्हा त्याचे ओठ काळे-निळे होते. यारीवाल्यातल्या एकानं त्याला वाऱ्याच्या बाजूला ओढला, छाती दाबली. बऱ्याच वेळानं देवला खोकला, ओकला, आणि डोळे न उघडताच आईला हाक मारली. उदयसिंग मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

त्याला जीपमध्ये घालून आधी मालेगावला, तिथून अकोल्याला नेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, काही दिवस ठेवावं लागेल.

तोवर गावात सगळीकडे निताचंच नाव झालं होतं. सकाळी स्कूटीवर ओल्या हातांनी गेलेली सून आता देवलाला विहिरीतून काढणारी सून झाली होती. बाया येत होत्या, तिचे सोललेले तळहात बघत होत्या, हळद लावत होत्या. रुपाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हेच सगळं तिला हवं होतं. ते आलं होतं, आणि तिला कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

रुचिका दिवे लागायच्या वेळी आली. पिशवी न ठेवताच स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले होते.

"ताई, तुमी पट्टी कधी लावली होती?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

"शुक्रवारी," निता म्हणाली.

रुचिका ओट्याला टेकली. बाहेर बायांचा आवाज चालू होता.

"मंग काहून नाई सांगतलं?"

"सोमवारी सांगणार होती. सगळ्याहिच्या समोर." निता तिच्याकडे न बघता म्हणाली. "यारी मंगळवारी होती ना."

रुचिकानं हातातली पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "मी फोटोतले ठिपके पाह्यले होते, ताई. कित्येक वेळा. पण ते मले पाहाचेच नव्हते." तिनं ओढणीला नाक पुसलं आणि बाहेर बायांत जाऊन बसली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. उदयसिंगलाही नाही. निता रात्री जेवताना वाट बघत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी वाट बघत होती. काही झालं नाही. ओरडली असती, घरभर केलं असतं तर निताला सोसलं असतं. या गप्प बसण्यानं मात्र ती जळत राहिली. हिला हेही जमतं, असं तिच्या मनात आलं.

सोमवारचा कार्यक्रम रद्द करावा असं सरपंच म्हणत होते. रुचिकाच नको म्हणाली. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर ती उभी राहिली आणि सरळ बोलली. माझा रंग आंबट पाण्यात काम करत नाही. मी ते तपासायला हवं होतं, तपासलं नाही. माझ्या भरवशावर देवलाभाऊ खाली उतरले. माझ्या रंगानं ज्यांचं पाणी चांगलं सांगितलं असेल त्या सगळ्यांचं मी पुन्हा बघणार आहे. आणि ही चूक माझ्या जाऊबाईंनी पकडली.

शाल निताच्या खांद्यावर पडली. पण टाळ्या वाजल्या त्या रुचिकासाठी. म्हातारेकोतारे म्हणत होते, एवढ्या शिकलेल्या पोरीनं आपली चूक अशी चारचौघात सांगितली, मानलं बुवा. निता शाल सावरत बसली होती. ही चुकली तरी टाळ्या हिलाच, आणि मी बरोबर ठरले तरी मनात चोर. हेवा गेला नव्हता. उलट त्याला आता बसायला आणखी मोठी जागा मिळाली होती.

देवला परत आला तेव्हा त्याची बायको रुख्मिणी त्याला घेऊन घरी आली. देवलाचा आवाज बसला होता, चालताना दम लागत होता. तो निताच्या पायाशी वाकायला लागला. निता झटकन मागं झाली, भिंतीला आपटली.

"नोको, देवलाभाऊ. माझ्या पाया नोको पडू."

"काहून, ताई? तुमी नसत्या तर..."

"मी आणखी आधी सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली. देवलाला त्यातलं काही कळलं नाही. तो हसला. दारात उभ्या असलेल्या रुचिकाला कळलं.

मेच्या शेवटी रुचिका निताच्या खोलीत आली. "ताई, आमचे सर म्हणते का एकाच थेंबात दोन रंग पाह्यजे. एक सल्फाइडचा, एक आंबटपणाचा. म्हंजे पैला गप्प बसला तर दुसरा सांगंल का बाप्पा याच्यावर इश्वास नोको ठेवू. तुमचा जुना रंग कसा बनवला होता, मले लिहून देता का?"

"नाई," निता म्हणाली.

रुचिकाचा चेहरा उतरला. ती उठायला लागली.

"लिहून नाई देणार. तो माझा हाये." निताचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "मी येतो. मी बनवीन."

राजपाल आधी हसला, मग चिडला, मग हरिसिंगांकडे गेला. हरिसिंग म्हणाले, "तिनंच त्या दिवशी म्हटलं होतं का पोरीले शिकू द्या. आपण एकीचंच ऐकलं." कॉलेजच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार, असं जुळवून, पोराला रुपाबाईंकडे ठेवून निता अमरावतीला जाऊ लागली. हात विसरले होते. पहिल्या दोन खेपांना तिचा रंग तपकिरी चिखलासारखा निघाला. पोरापोरींच्या घोळक्यात ती सगळ्यात मोठी, आणि तिथंही रुचिकाला सगळे नावानं हाक मारायचे, हिला मॅडम. ते तिला टोचायचं. रुचिकाचं टेबल खिडकीपाशी होतं, तेही टोचायचं.

पाऊस सरता सरता तिचा रंग जमला. आंबटात लाल, नाहीतर निळा, अगदी पूर्वीसारखा. सर बघून गेले, दोघींकडे बघून मान हलवली. पहिल्यांदा कुणाकडे बघून हलवली हे निताच्या लक्षात राहिलं.

एक दिवस रुचिका नवं द्रावण बनवत होती. चारपाच विद्यार्थी भोवती होते. तिनं उचललेली बाटली निताला पलीकडच्या टेबलावरून दिसली.

"रुचिका, थांब! चुकीची बाटली हाये. तुझं सगळं पाणी आंबट होऊन जाईल."

अख्खी प्रयोगशाळा वळून बघायला लागली. रुचिकाचे कान लाल झाले. तिनं बाटलीवरची चिठ्ठी वाचली, ती खाली ठेवली आणि दात-ओठ खात पुटपुटली, "ताई, जरा हळू सांगत जा ना. सगळे ऐकून राह्यले."

"ऐकू दे," निता म्हणाली, आणि आपल्या बाटल्या धुवायला वळली.